समुद्रपूरवाली गप्प झाली तेव्हा

मी दुकान उघडायला निघालो होतो, चपला पायात चढवल्या होत्या, तेवढ्यात ताईने आतून हाक मारली. "अरे, इकडं ये बरं जरा. हे मशीन काहीच बोलून नाई राह्यलं."

ताई माझी मोठी बहीण. लहानपणी एका तापात तिची दृष्टी गेली. वर्ध्यातच एका बँकेत ती नोकरीला आहे, आणि घरी रोज सकाळी लॅपटॉपवर पेपर ऐकल्याशिवाय तिचा चहा घशाखाली उतरत नाही. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तिचा कॉम्प्युटर मोठ्याने वाचून दाखवतो. त्या दिवशी तो गप्प होता. मी जाऊन पाहिलं तर सगळा पडदा लालभडक, आणि त्यावर इंग्रजीत मजकूर.

"काय लिहिलं आहे?" तिने विचारलं.

"तुझ्या फायलींना कुलूप लावलं म्हणते. पैसे पाठवले तर उघडून देऊ म्हणते."

तिने कीबोर्डची दोन-तीन बटणं दाबून पाहिली. मग म्हणाली, "मंग हे बोलून काऊन नाई सांगत? आंधळ्याले धमकी द्यायची तं वाचून तरी दाखवा नं बापा."

हसावं की काय करावं, मला कळेना. काल काही नवीन टाकलं होतं का, असं मी विचारलं. उत्तर द्यायला तिने जरा वेळ घेतला. "समुद्रपूरवालीचं नवीन आलतं. ते टाकलं."

तिचं ते वेळ घेणं मला का लागलं, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

कॉम्प्युटरला मराठी नीट वाचता यावं म्हणून आम्ही काही जणांनी मिळून एक आवाज तयार केला होता. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, आत काय आहे ते उघडून पाहावं, चुकत असेल तर दुरुस्त करून परत द्यावा. मी स्वतः प्रोग्रॅमर नाही. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, खिळे, बिजागऱ्या, पाइप. पण ताईसाठी म्हणून मी या मंडळींत शिरलो आणि हळूहळू त्यांची वेबसाइट माझ्याकडे आली. लोकांचे प्रश्न, त्यांची उत्तरं, नवीन आवृत्तीची घोषणा, भांडणं लागली की सोडवणं, हे सगळं मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून करतो.

सुरुवातीला आमच्यात समुद्रपूरचे एक भाऊ होते. हिंगणघाटला कॉलेजात शिकवायचे, घरची शेती होती. त्यांचं आणि बाकीच्यांचं पटेना. आमचा आवाज नागपूरच्या एका निवृत्त शिक्षिकेचा होता, शुद्ध, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. भाऊ म्हणत, असं कोणी बोलतं का? रोज दिवसभर ऐकायचं आहे लोकांना, पटपट ऐकायचं आहे. 'चहा'तला च वेगळा आणि 'चमचा'तला च वेगळा, हे तरी त्याला कळू द्या. वाद वाढत गेला. शेवटी ते वेगळे झाले, आपल्या बायकोचा आवाज रेकॉर्ड करून त्यांनी दुसरा आवाज काढला, दुसरी साइट काढली. ओपन सोर्समध्ये याला कोणी चोरी म्हणत नाही, तो हक्कच आहे. पण मनाला लागायचं ते लागतंच. लोक त्या आवाजाला 'समुद्रपूरवाली' म्हणू लागले. कोणी आमच्याकडून तिकडे गेलं की मला कळायचं, आणि मी दुकानाच्या हिशोबाची वही ओढून बसायचो.

आणि माझ्याच घरात, ज्या ताईसाठी मी हे सगळं आरंभलं, तीच समुद्रपूरवाली ऐकत होती.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"निघाली तेव्हापासून," ताई म्हणाली. "तुले सांगतलं असतं तं तुले वाईट वाटलं असतं. तुमची ती बाई, चांगली आहे रे, पण प्रत्येक वाक्याले प्रमाणपत्र देऊन राह्यली असं वाटते. स्पीड वाढवला का तिचे शब्द फुटतात. हिचे नाई फुटत."

मी दुकानाची किल्ली खिशात ठेवली आणि तिथेच बसलो. राग नव्हता. तिच्या फोल्डरांत बँकेच्या बढतीच्या परीक्षेसाठी तिने स्वतः टाइप केलेल्या नोट्स होत्या, त्या आता उघडत नव्हत्या. त्यापुढे आवाज कोणाचा, याचं काय घेऊन बसायचं.

भाऊंची साइट उघडून पाहिली. कोणीतरी आत शिरून डाउनलोडची फाइल बदलली होती आणि पहिल्या पानावर एका कवटीचं चित्र लावलं होतं. घाबरवायला. ज्यांच्यासाठी ती साइट होती त्यांच्यातल्या बहुतेकांना ते चित्र दिसणारच नव्हतं. त्यांना कॉम्प्युटरने एवढंच सांगितलं असणार, 'चित्र'. आणि पुढे काही नाही.

दुपारपर्यंत आमच्या साइटवर लोकांची रीघ लागली. ज्यांनी ती फाइल टाकली होती त्यांचे कॉम्प्युटर मुके झाले होते, म्हणून ते मोबाइलवरून लिहीत होते, चुकतमाकत, अर्धवट. कोणी लातूरचा, कोणी सांगलीची. एक शिक्षक होते, त्यांच्या निकालपत्रकांची फाइल गेली होती. एकजण विचारत होता की हा आवाज आता कधीच येणार नाही का. बऱ्याच जणांना आमचा आवाज हवाच नव्हता. फक्त कोणाला विचारायचं हे माहीत नव्हतं, म्हणून ते आमच्या दारात आले होते.

आमच्या पुण्याच्या मित्राचा फोन आला. आमचा बराचसा प्रोग्रॅम त्यानेच लिहिलेला. मनाने चांगला माणूस, पण त्या दिवशी त्याच्या आवाजात उकळी होती.

"पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाक," तो म्हणाला. "आमचा आवाज सुरक्षित आहे. ताबडतोब बदला."

"आज नको," मी म्हणालो.

"अरे, खोटं थोडंच आहे? लोकांच्या फायद्याचंच आहे."

"फायद्याचं आहे. पण त्यांच्या घरात मयत झाल्यासारखं झालंय आणि आपण दारावर दुकानाची पाटी लावायची?"

"तू फार हळवा होतोस," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी नांदेडच्या एका माणसाने आमच्या फोरमवर, म्हणजे साइटवरच्या चर्चेच्या पानावर, आवाजी निरोप टाकला. संथपणे, अजिबात न ओरडता तो म्हणत होता, "त्यांचं बंद पडलं की तुमचंच चालणार. आम्ही आंधळे आहोत, मूर्ख नाही." मी तो निरोप दोनदा ऐकला. काढून टाकायचा अधिकार माझा होता. बोट तिथपर्यंत गेलंही. पण काढला असता तर त्याचं म्हणणंच खरं ठरलं असतं. मी खाली लिहिलं, 'आमचा यात हात नाही. पण तुमचा संशय मी समजू शकतो. तुमचा कॉम्प्युटर सुरू करून द्यायला मदत करू का?' त्याचं उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुण्याहून फोन. या वेळी त्याचा आवाज उतरलेला होता.

"ऐक. ते कुठून शिरले ते कळलं. फोरमचा एक जुना भाग होता, कित्येक वर्षांत अपडेट केलेला नव्हता."

"मग?"

"ती साइट त्यांनी आपल्याच साइटची नक्कल करून काढली होती ना? तो भाग आपल्याकडेही आहे. तसाच. तेवढाच जुना."

मी गल्ल्यावर उभाच राहिलो. समोर एक गिऱ्हाईक नळाची तोटी हातात घेऊन किंमत विचारत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. चोराने दोन सारख्या घरांपैकी एक निवडलं होतं, एवढंच. कवटी आमच्याही पानावर लागली असती.

आम्ही साइट बंद केली. 'दुरुस्ती सुरू आहे' एवढं लिहिलं नाही, का बंद केली ते पूर्ण लिहिलं: तीच फट आमच्याकडेही होती, आमच्या फायली तपासल्या, त्या ठीक आहेत, फट बुजवून परत येतो. पाटीचं पुण्याच्या मित्राने पुन्हा नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी साइट परत सुरू केली.

या सगळ्यात भाऊ मात्र फोन उचलत नव्हते. मी केला, पुण्याहून झाला, आणखी कोणीकोणी केले. घंटी वाजून वाजून बंद व्हायची. त्यांच्या नावाने लोक काय काय लिहीत होते ते मी वाचत होतो, त्यामुळे न उचलण्याचं कारण मला कळत होतं.

ताई म्हणाली, "फोन नाई उचलत तं घरी जाऊ. रविवारच आहे उद्या."

"तू कशाला? मध्ये बस बदलावी लागेल."

"मशीन माझं बंद पडलं का तुझं?"

हिंगणघाटला बस बदलून आम्ही समुद्रपूरला उतरलो. कापूस वेचणीचे दिवस होते. भाऊंचं घर विचारत विचारत सापडलं. दार उघडंच होतं आणि पुढच्या खोलीत कापूस भरलेला, खिडकी अर्धी झाकून जाईल इतका. आतून कोणीतरी बाई आली आणि म्हणाली, "या नं, बसा. कोणाकडून आले तुम्ही?"

ताईने माझा हात घट्ट धरला. इतका की मला वाटलं तिला ठेच लागली. ती मान वाकडी करून नुसती ऐकत होती.

"पुन्हा बोला," ती म्हणाली.

त्या बाई गोंधळल्या. "काय बोलू? पाणी आणू का आधी?"

"मायबाई!" ताई हसायलाच लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "तुम्ही इतक्या हळू बोलता?"

मला उलगडायला क्षणभर लागला. ताईने तो आवाज कायम तिप्पट वेगानेच ऐकला होता. सगळे पेपर, बँकेची परिपत्रकं, मैत्रिणींचे मेल, सगळं भाऊंच्या बायकोने, या वहिनींनीच, तिला धावत धावत वाचून दाखवलं होतं. आणि आता त्याच वहिनी समोर उभ्या राहून, साध्या माणसाच्या चालीने, पाणी आणू का विचारत होत्या. मी कोण, ही कोण, ते सांगितलं. वहिनींनी ताईचे दोन्ही हात धरले आणि कापसाच्या ढिगाला टेकून बसवलं. या बाईच्या कानाशी आपण इतकी वर्षं होतो, हे त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं असावं. ऐकणाऱ्यांतलं कोणी त्यांना कधी भेटलंच नव्हतं.

"याच खोलीत बोलली मी ते सगळं," वहिनी सांगत होत्या. "कापूस भरला का आवाज घुमत नाई. दोन हंगाम बसवलं यायनं मले इथं. अंगाले खाज, नाकात कापूस, अन् हे म्हणत, हसू नको, पुन्हा म्हण."

भाऊ आतल्या खोलीत होते. मला पाहून ते उठले नाहीत. दाढी वाढलेली. इतक्या वर्षांनी भेटत होतो, आणि शेवटचं बोलणं झालं होतं ते भांडणच होतं.

"पाहायले आले का?" ते म्हणाले.

"ताईचं मशीन बंद पडलंय," मी म्हणालो. "ती तुमचंच वापरते. मलाही परवाच कळलं."

ते ऐकून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चेहरा जरा निवळला. "तुमची ताई?"

"हाव. आमचा आवाज तिले प्रमाणपत्र दिल्यासारखा वाटते."

भाऊंना हसू आलं, पण टिकलं नाही. "बंद करतो मी हे," ते म्हणाले. "लोकायनं विश्वासानं घेतलं. एका पोरीनं फोन केलता, तिची परीक्षा होती. काय सांगू तिले? मी कॉलेज करू, वावर पाहू, का रोज साइटीवर पहारा देऊ?"

फट आमच्याकडेही होती, हे मी त्यांना सांगितलं. आमच्या साइटवर आम्ही लिहिलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे हे त्यांना नवीन होतं. त्यांनी बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुमचंबी गेलं असतं."

"गेलंच असतं."

त्यानंतर बोलणं सोपं झालं. वहिनींनी चहा आणला, ताईने तो चहा घेताना विचारून घेतलं की 'चहा' म्हणताना त्यांना किती वेळा म्हणायला लावलं होतं. मूळ रेकॉर्डिंग असलेली डिस्क कपाटात साड्यांमध्ये गुंडाळून ठेवलेली होती, ती कधी इंटरनेटला जोडलीच नव्हती. मी म्हणालो, त्यावरून फाइल नव्याने बनवा, पुण्याचा मित्र तपासेल, आणि तुमची साइट उभी राहीपर्यंत आमच्या साइटवर ठेवू. तुमच्या नावाने, तुमच्या वेगळ्या विभागात. लोकांना आमच्याकडे ओढणार नाही.

"तुमचे लोक ऐकतील?" भाऊंनी विचारलं.

"सांगून पाहतो," मी म्हणालो. मला स्वतःला खात्री नव्हती.

आणि सगळे ऐकले नाहीतच. आमच्यातल्या दोघांनी निरोप घेतला. एकाने लिहिलं की इतकी वर्षं ज्यांनी आपली खिल्ली उडवली त्यांना आपण ओसरी देतोय. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, खिल्ली उडवलीच होती. मी त्याला फोन केला, खूप वेळ बोललो, तो गेला तो गेलाच. मला ते अजून बोचतं. पुण्याचा मित्र मात्र राहिला. भाऊंच्या फाइलची प्रत्येक ओळ त्याने तपासली, आणि मला म्हणाला, "माणूस भांडखोर आहे, पण काम बघ कसं केलंय."

आता पंचाईत वेगळीच होती. लोक नवीन फाइल घ्यायला घाबरत होते. एकदा पोळलेले, त्यात साइटवर लिहिलेल्यावर आता भरवसा नाही. खरी फाइल ही, खोटी ती, हे सांगायचं कसं? तोडगा ताईने काढला. "वहिनीलेच बोलू दे नं," ती म्हणाली. वहिनींनी मोबाइलवर निरोप रेकॉर्ड केला, त्याच कापसाच्या खोलीत बसून. 'मी समुद्रपूरहून बोलते. तुमच्या मशीनमध्ये माझाच आवाज होता. जे झालं त्याचं आम्हाले फार वाईट वाटते. आता जी फाइल आहे ती आम्ही स्वतः दिली आहे.' पुढे ती कुठून घ्यायची, कशी टाकायची. तो निरोप गावोगावच्या ग्रुपवर फिरला. लोकांनी आवाज ओळखला. ऐकताना पुष्कळांनी आधी वेग वाढवला म्हणे, म्हणजे ओळख पटली.

कॉम्प्युटर साफ करून आणूनही ज्यांना नवीन फाइल टाकायला जमत नव्हतं त्यांना आम्ही फोनवरून सांगायचो. संध्याकाळी ताई बँकेतून आली की ती, दिवसा दुकानात मी. कानाला फोन लावून मी म्हणायचो, "आता टॅब दाबा. आणखी एकदा. आता एंटर. थांबा, घाई नका करू." एकदा दीड इंची स्क्रू घ्यायला आलेले एक आजोबा बाकावर बसून हे सगळं ऐकत होते. फोन संपल्यावर त्यांनी काळजीने विचारलं, "बरं आहे का आता पेशंटले?" मी म्हटलं, हो, बोलायला लागला.

फोन ठेवण्याआधी पलीकडच्या माणसाच्या खोलीतून, फोनमधूनच, वहिनींचा आवाज खरोखरच आला होता. भरधाव. आणि तो माणूस मला विसरून पेपर ऐकायला बसला होता.

ताईच्या फायली परत आल्या नाहीत. पण तिच्या नोट्स तिने कधीतरी यवतमाळच्या मैत्रिणीला मेल केल्या होत्या, त्या मैत्रिणीने परत पाठवल्या. काही प्रकरणं नव्हतीच त्यात, ती तिने पुन्हा टाइप केली. परीक्षा दिली. त्या खेपेला पास झाली नाही, पुढच्या खेपेला झाली. सगळ्यांचं असं निभावलं नाही. निकालपत्रकं गेलेल्या त्या शिक्षकांनी सगळं कागदावरून पुन्हा कोणाकडून तरी भरून घेतलं, आणि नंतर कुठलाच फुकटचा प्रोग्रॅम घ्यायचा नाही असं ठरवलं. मी त्यांना समजवायला गेलो नाही.

भाऊंची साइट उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली. आम्ही त्यांचा विभाग बंद करून लोकांना नवीन पत्ता दिला. त्या आठवड्यात आमच्याकडची वर्दळ एकदम ओसरली, संकटाच्या आधी होती त्याहूनही कमी झाली. कारण आता आमचेही काही लोक वहिनींचा आवाज ऐकून पाहून तिकडेच राहिले होते. गल्ल्यावर बसून मी ते आकडे पाहत होतो. वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. ताईला सांगितलं.

"तुमच्या बाईले जरा भरभर बोलायले शिकवा," ती म्हणाली.

तर आम्ही ते काम हाती घेतलं आहे. नागपूरच्या शिक्षिका आता बऱ्याच थकल्या आहेत, म्हणून नवा आवाज हवा आहे, आणि कोणाचा घ्यायचा यावरून आमच्यात पुन्हा जोरात वाद सुरू आहेत. मधूनमधून भाऊ त्यात उडी घेतात. त्यांना अधिकार नाही असं एकाने लिहिलं, तर पुण्याच्या मित्राने त्यालाच गप्प केलं. परवा भाऊ आमच्या फोरमवर 'ज' कसा उच्चारावा यावर इतकं लांबलचक लिहून बसले, की मला ते दोन भागांत टाकावं लागलं. मला त्यातलं निम्मं पटलं नाही, आणि तसं मी खाली लिहिलं.